चढावर सायकल जड जाते? आधी दाते मोजा



आज आम्ही सायकलीबद्दल बोलणार आहोत. सायकल शिकण्याबद्दल नाही, ती तुमच्यातल्या पुष्कळजणींना येतेच. आज बोलायचे आहे ते चढाबद्दल. सपाट रस्त्यावर मजेत चालणारी सायकल चढ आला की दगडासारखी जड का होते, आणि ती थोड्या खर्चात हलकी कशी करता येते, एवढाच आजचा विषय.

आमचा पारशिवनी तालुका तुम्हाला ठाऊक आहे. खाली कन्हानकडे जमीन सपाट आहे. उत्तरेकडे निघालो की सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात आणि पेंचचे जंगल लागते. पेंच नदी तोतलाडोहकडून खाली नवेगाव खैरीच्या धरणात येते आणि तिथून कालवे निघतात. त्यामुळे आमच्याकडे घाटरस्ते नसले तरी लहान लहान चढ पावलोपावली आहेत. नदीकाठच्या वस्तीतून वर यायचे तर चढ, कालव्याच्या पुलावर चढायचे तर चढ. कॅरिअरवर ओझे असले की हे लहान चढही मोठे वाटतात.

आमच्या गटातली एक ताई रोज सकाळी सायकलीवर दुधाचे दोन कॅन घेऊन संकलन केंद्रावर जाते. तिचे घर नदीच्या बाजूला, खोलगटात. वर येताना ती सायकल ढकलत आणायची. उशीर झाला की दूध परत न्यावे लागायचे. मागच्या वर्षी गटाच्या बैठकीत तिने जुनी मोपेड घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला. म्हणाली, "आता वय झालं माझं. गुडघे साथ देत नाहीत. सायकल भंगारात देऊन टाकते."

आम्ही अर्ज मंजूर करणारच होतो. तेवढ्यात एका म्हाताऱ्या मावशींनी विचारले, "अगं, ही तुझ्या सासऱ्यांची गिअरवाली सायकल ना? ते तर साठीतही हिच्यावर बसून चढ चढायचे. मग तुलाच ती जड कशी जाते?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. तेव्हा आम्ही सायकल अंगणात उलटी केली आणि बघायला बसलो. त्या दिवशी आणि नंतर दोन मिस्त्रींकडे बसून आम्हाला जे समजले, ते आज तुम्हाला सांगतो.

जोर कशाने लागतो

सायकलीला दोन दातेरी चकत्या असतात. पायडलजवळ मोठी, मागच्या चाकाजवळ लहान. त्यांना चेन जोडते. काळ्या मोठ्या सायकलीला पुढे बहुधा 44 किंवा 48 दाते असतात आणि मागे 18. तुमच्या सायकलीचे वेगळे असतील, म्हणून स्वतः मोजा. एका दात्याला खडूने खूण करा आणि तिथून मोजत या.

पुढे 44 आणि मागे 18 असतील, तर पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते. 28 इंची चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ 5.4 मीटर पुढे जाते.

आता ओझ्याचा विचार करा. वीस किलो धान्य वर माळ्यावर न्यायचे आहे. एका खेपेत नेले तर फेरी एकच, पण कंबर मोडते. दहा दहा किलोच्या दोन खेपा केल्या तर पायऱ्या दुप्पट, पण प्रत्येक खेप सोसवते. सायकलीचेही तसेच आहे. एका फेऱ्यात जास्त अंतर कापायचे तर पायाला जास्त जोर लागतो. अंतर कमी केले तर फेरे वाढतात, पण प्रत्येक फेरा हलका होतो. चढ तेवढाच राहतो आणि एकूण कामही तेवढेच राहते. फक्त आपण ते लहान लहान घासांत करतो.

म्हणजे चढासाठी हवे काय? मागची चकती मोठी हवी. मागे 18 ऐवजी 22 दाते बसवले तर एका फेऱ्यात 5.4 मीटरऐवजी 4.4 मीटर अंतर जाईल. पायाचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होईल. 20 दात्यांची बसवली तर दहाव्या हिश्श्याने कमी होईल.

हबमधले गिअर कसे काम करतात

ताईची सायकल साधी नव्हती. तिचे सासरे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. त्यांनी ती कोणाकडून तरी जुनी विकत घेतली होती. तिच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला डबा, जाडजूड होता. पुसून पाहिला तर त्यावर स्टर्मी-आर्चर हे नाव आणि एडब्ल्यू ही अक्षरे कोरलेली दिसली. ही कंपनी 1902 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात सुरू झाली. तीन गिअरचा हा एडब्ल्यू हब 1936 साली निघाला आणि पुढे कित्येक वर्षे जगभरच्या सायकलींना बसत राहिला. बऱ्याच हबवर तो कोणत्या सालचा ते सांगणारे दोन आकडेही असतात.

आजकालच्या गिअरच्या सायकलीला मागे अनेक चकत्या उघड्या दिसतात. हबगिअरला बाहेर एकच चकती असते, बाकी सगळे डब्याच्या आत. आत मधोमध एक दातेरी खुंटा पक्का बसवलेला असतो. घाण्याभोवती बैल फिरावा तशी त्याच्याभोवती लहान दातेरी चाके फिरतात. त्यांच्याही बाहेर एक मोठे दातेरी कडे असते. यातल्या कोणत्या भागाने कोणाला फिरवायचे ते हँडलजवळचा खटका ठरवतो. खटक्यापासून एक तार येते आणि हबच्या उजव्या टोकातून बाहेर आलेल्या बारीक साखळीला जोडलेली असते.

हलक्या गिअरमध्ये चकतीचे चार फेरे झाले की चाकाचे तीन होतात. मधल्या गिअरमध्ये चकती आणि चाक बरोबरीने फिरतात. जड गिअरमध्ये चकतीच्या तीन फेऱ्यांत चाकाचे चार होतात. हलका चढासाठी, मधला रोजच्या रस्त्यासाठी, जड उतारासाठी किंवा पाठीमागून वारा असेल तेव्हा.

आता नीट ऐका, कारण ताईचे सगळे दुखणे इथेच होते. या हबमध्ये तार पूर्ण ओढली की हलका गिअर लागतो आणि तार पूर्ण सैल सोडली की जड. मग तार तुटली तर काय होईल? सायकल आपोआप जड गिअरमध्ये जाऊन तिथेच अडकेल.

सासरे गेल्यावर कधीतरी ती तार तुटली होती. घरात कोणाला तिचा उपयोग माहीत नव्हता, म्हणून ती लोंबती तार कापून टाकली गेली. तेव्हापासून ताई वर्षानुवर्षे जड गिअरवर चढ चढू पाहत होती. आम्ही हिशेब केला. तिच्या सायकलीला पुढे 44, मागे 18 दाते. जड गिअरमध्ये एका फेऱ्याला 7.2 मीटर! दुधाचे दोन कॅन घेऊन एवढ्या अंतराचा घास तरुण गड्यालाही पेलणार नाही. आणि ती बिचारी आपल्या वयाला दोष देत बसली होती.

आम्ही काय काय केले

पहिल्या मिस्त्रीने सांगितले की हा हब काढून फेका, साधे चाक बसवून देतो. आम्ही थांबलो आणि दुसरीकडे विचारले. दुसरे मिस्त्री जुने जाणते होते. त्यांनी आमच्यासमोरच पुढची कामे केली.

पहिले काम तेलाचे. हबवर एक छोटे टोपण असते. ते उघडून आत मोटारसायकलच्या इंजिनात घालतात त्या नव्या तेलाचे चमचाभर थेंब सोडले. इथे आमची एक चूक सांगतो. मिस्त्रींकडे जाण्याआधी आम्ही घरचे शेंगदाण्याचे तेल घातले होते. ते करू नका. खाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होते आणि आतले बारीक भाग अडकतात.

दुसरे काम तारेचे. नवी तार आणि खटका बसवला. हबमधून येणारी बारीक साखळी हाताने पूर्ण आत फिरवून घट्ट केली, मग ती तारेच्या दिशेला यावी म्हणून जास्तीत जास्त अर्धा फेरा मागे घेतली. त्यानंतर तारेचा ताण जुळवला. तो जुळवायची खूण सोपी आहे. खटका मधल्या गिअरवर ठेवायचा आणि पायडल थोडे मागेपुढे हलवायचे. उजव्या बाजूच्या नटाला एक भोक असते. त्यातून पाहिले तर साखळी जिथे बारीक दांडीला जोडली आहे ती जागा आणि एक्सलचे टोक बरोबर एका रेषेत दिसले पाहिजे. दिसत नसेल तर तारेवरचा छोटा स्क्रू फिरवून रेषेत आणायचे.

हे जुळवणे टाळू नका. ताण चुकला तर मधल्या आणि जड गिअरच्या मध्ये अशी जागा येते की पायडल एकदम रिकामे फिरते. त्या वेळी बाई पायडलवर उभी असेल तर तोल जाऊन पडेल. म्हणून तार नीट जुळली याची सपाट जागेवर, बसून, दहा-पंधरा वेळा खात्री करा, मगच चढावर जा. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा. हा हब उभ्या सायकलीवरही गिअर बदलू देतो, म्हणून चढाच्या पायथ्याशी थांबून हलका गिअर लावला तरी चालते.

तिसरे काम मागच्या चकतीचे. या हबची चकती आट्यांवर बसत नाही. तिला आतून तीन खाचा असतात आणि बाहेरून एक गोल तारेची कडी तिला धरून ठेवते. ती कडी पेचकसाने उचकून काढली की चकती निघते. कडी उडून डोळ्याला लागू शकते, म्हणून वर फडके धरा. चकतीचे दाते थोडे एका बाजूला वळलेले असतात. जुनी ज्या बाजूने बसली होती त्याच बाजूने नवी बसवा, नाहीतर चेन तिरकी चालते. 22 दात्यांची चकती आमच्या गावात मिळाली नाही. नागपूरला दोन-तीन जुन्या दुकानांत विचारल्यावर मिळाली. जाताना जुनी चकती बरोबर न्या, म्हणजे खाचा जुळतात का ते तिथेच बघता येते.

आता पुन्हा हिशेब. 22 दात्यांवर हलक्या गिअरला एका फेऱ्यात 3.3 मीटर, मधल्याला 4.4 आणि जड गिअरला सुमारे 5.9 मीटर. आधी ताई 7.2 मीटरवर अडकलेली होती. म्हणजे चढावर पायाचा जोर निम्म्याहून कमी झाला. आणि सपाटीवर काही गमावले का? नाही. पूर्वी मधला गिअर 5.4 मीटरचा होता, आता सपाटीवर ते काम जड गिअर करतो.

मग याहूनही मोठी चकती का बसवू नये? कारण हबच्या आतले दाते लहान आहेत. पुढचे दाते मागच्या दात्यांच्या दुपटीच्या खाली नेले तर आतल्या भागांवर ताण जास्त पडतो. 44 ला 22, तिथे थांबलेले बरे.

साधी सायकल असेल तर

तुमच्यापैकी बहुतेकींकडे बिनगिअरचीच सायकल असेल. मुलींना शाळेसाठी मिळालेल्या सायकलीही बहुधा तशाच असतात. निराश होऊ नका, दात्यांचा नियम तिलाही तोच. फक्त तिच्या मागच्या चकतीला फ्रीव्हील म्हणतात आणि ते आट्यांवर घट्ट बसलेले असते. काढायला वेगळे हत्यार लागते, म्हणून ते मिस्त्रींकडूनच करून घ्या. 18 च्या जागी 20 किंवा 22 दात्यांचे मागा. गिअर नसल्यामुळे सपाटीवर पाय थोडे भराभर फिरवावे लागतील. रस्ता बहुतेक सपाट आणि एखादाच चढ असेल तर 20 चे घ्या. ओझे रोजचे आणि चढ पुष्कळ असतील तर 22 चे.

दोन्ही प्रकारच्या सायकलींना या तीन गोष्टी लागू आहेत.

एक, मोठ्या चकतीला चेन जास्त लागते. चार दाते वाढले की चेन एक इंच लांब हवी, म्हणजे कड्यांचा एक जोड वाढवावा लागतो. चाक पुढे सरकायला अर्धा इंच जागा असेल तर तेवढ्यानेही भागते.

दोन, चेन झिजली असेल तर नव्या दात्यांवर ती उड्या मारते. शाळेची फूटपट्टी घ्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. 12 इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य आला पाहिजे. तो 12 इंचांच्या पुढे एक-अष्टमांश इंच गेला असेल तर चेनही बदला.

तीन, पूर्ण बंद चेनकव्हर असेल तर मोठी चकती आत घासते का ते चाक हाताने फिरवून पाहा.

पैसे खर्च करण्याआधी

दुकानात जाण्याआधी घरीच चार गोष्टी तपासा. पुष्कळदा सायकल अर्धी यांनीच हलकी होते.

टायरमध्ये हवा पुरेशी आहे का? ओझे लादून बघा. टायर खाली पसरून चपटा होत असेल तर हवा कमी आहे. चाक उचलून फिरवा. लगेच थांबत असेल तर ब्रेकचे रबर रिमला घासते आहे किंवा एक्सलचे कोन जास्त आवळले आहेत. चेन कोरडी, मातीने भरलेली असेल तर फडक्याने पुसा, थेंब थेंब तेल द्या आणि वरचे तेल पुसून टाका. ओले तेल राहिले की धूळ चिकटते.

आणि सीट. आपण बाया सीट फार खाली ठेवतो, पाय टेकावेत म्हणून. त्याने गुडघा अर्धा वाकलेलाच राहतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला बोटभर वर करा.

चढ आला की उतारही आला

सायकल हलकी झाली म्हणजे आता जास्त ओझे लादू, असा मोह होतो. तो आवरा. वर चढवलेले ओझे उतारावर तुम्हाला खाली ढकलते. दांडीचे ब्रेक आणि लोखंडी रिम पावसात फार कमी धरतात. म्हणून गिअरचे काम करायला सायकल दिली की त्याच वेळी ब्रेकचे रबरही तपासून घ्या. उतारावर दोन्ही ब्रेक सुरुवातीपासून हळूहळू दाबा, वेग वाढल्यावर एकदम नको. साडीचा पदर आणि काठ चेनपासून दूर खोचून घ्या.

मोजता येणे ही आपली गोष्ट आहे

तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना सायकल शिकवायला सुरुवात झाली. तेव्हा तिथे शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. खेड्यांतल्या हजारो बाया सायकलीवर बसल्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या. सायकलीने त्यांचा वेळ वाचला आणि कोणाची वाट बघणे संपले. आम्हाला वाटते, सायकल चालवता येणे ही त्यातली पहिली पायरी. ती का जड जाते हे आपले आपल्याला कळणे ही दुसरी. नाहीतर यंत्रात बिघाड असतो आणि आपण आपल्या शरीराला नावे ठेवत बसतो.

आता ताईचे सांगतो. ती नदीकडून वर येताना आता बहुतेक चढ सायकलीवर बसूनच चढते. कॅन भरलेले असले की शेवटच्या उभ्या तुकड्यावर अजूनही उतरते. गुडघा पूर्ण थांबलेला नाही, तो तिने डॉक्टरांनाही दाखवला. सायकल म्हणजे काही औषध नाही. पण दूध वेळेत पोचते. मोपेडच्या कर्जाचा अर्ज तिने सध्या बाजूला ठेवला आहे. दुरुस्तीसाठी जे पैसे लागले ते गटाकडून लहान कर्ज म्हणून घेतले आणि चार हप्त्यांत फेडले.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. सगळ्याजणी आपापल्या सायकली घेऊन या. वहीत तीन रकाने आखा: नाव, पुढचे दाते, मागचे दाते. पुढच्या आकड्याला मागच्या आकड्याने भागा. उत्तर अडीचच्या आसपास किंवा वर आले आणि तुमच्या वाटेवर चढ असेल, तर मागची चकती बदलायचा विचार करा. चार-पाचजणींनी एकदम बदलायचे ठरवले तर एकच जण नागपूरहून सगळ्यांचे सामान आणू शकते आणि मिस्त्रीलाही एकाच दिवशी बोलावता येते. कोणाच्या सायकलीचा मागचा हब जाड असेल आणि त्यातून बारीक साखळी बाहेर आलेली दिसली, तर ती सायकल भंगारात देण्याआधी तिची तार तेवढी बघा.